विद्युतभार, प्रथिने आणि सिकलसेल : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न आहे. त्याचे मूळ हिमोग्लोबिनमधील एका विद्युतभारित पार्श्वशृंखलेच्या अभावात आहे. हे ज्ञान कसे विकसित झाले व निदानासाठी कसे उपयोगी पडले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भाराचा शोध :
प्रथिनांतील ग्लुटामिक व ॲस्पार्टिक आम्लांच्या पार्श्वशृंखला शरीरात ऋणभारित, तर लायसिन व आर्जिनिन यांच्या धनभारित असतात. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी निरोगी व रुग्ण व्यक्तींच्या हिमोग्लोबिनची विद्युतक्षेत्रातील गती भिन्न असल्याचे सिद्ध केले. रुग्णाच्या हिमोग्लोबिनवर प्रत्येक रेणूमागे दोन ते चार धनभार अधिक असावेत, असे त्यांचे अनुमान होते. केंब्रिज येथे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये त्याचा उलगडा केला. बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी भाररहित व्हॅलिन आढळले. रेणूत बीटा शृंखला दोन असल्यामुळे दोन ऋणभार कमी होतात.

रचनेचा अर्थ :
ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनची रचना विरुद्ध भारांच्या आकर्षणातून जुळलेल्या दुव्यांमुळे स्थिर राहते व ऑक्सिजन जोडला जाताना हे दुवे तुटतात, असे मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्ये मांडले. सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्ल मात्र या दुव्यांत सहभागी नसून रेणूच्या पृष्ठभागावर असते. त्यामुळे दोष असूनही हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. परंतु ऑक्सिजन सोडल्यानंतर पाण्यापासून दूर राहू पाहणारे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकते, रेणूंचे लांब तंतू तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते.

विदर्भातील निदान :
भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदविला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांचे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. हा दोष केवळ आदिवासींपुरता मर्यादित नसल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

निदानाच्या दोन चाचण्या या रसायनशास्त्रावरच आधारलेल्या आहेत. विद्राव्यता चाचणी तंतू बनण्याची प्रवृत्ती दाखवते. परंतु वाहक व रुग्ण यांतील भेद तिच्यातून कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये मात्र भारातील फरकामुळे वाहकाच्या रक्तात दोन स्वतंत्र पट्टे दिसतात. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच हा भेद विवाहपूर्व समुपदेशनात निर्णायक ठरतो.

निष्कर्ष :
पॉलिंग यांनी १९४९ मध्ये ज्या भारभेदावरून रोगाचे स्वरूप ओळखले, त्याच भेदावर आजचे निदान उभे आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ प्राथमिक चाचणीवर न थांबता प्रत्येक संशयित नमुन्याची भाराधारित तपासणी व्हावी आणि तिचा अर्थ कुटुंबाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला जावा, यावरच गोंदियासारख्या जिल्ह्यात त्याचे यश अवलंबून राहील.