यंत्रांचा आवाज व शेजाऱ्यांचे दावे

यंत्राच्या आवाजाने शेजाऱ्याचे राहणे अवघड केल्यावरून होणारे दिवाणी व फौजदारी तंटे. बोरी बुद्रुक (ता. जुन्नर, जि. पुणे) हे कुकडीकाठचे गाव. अशा गावांच्या गावठाणात पिठाची गिरणी, मिरची कांडप किंवा वेल्डिंगचे दुकान घराच्या भिंतीला भिंत लावून चालते. आवाज किती, यापेक्षा तक्रार कोणाकडे नेली यावरच प्रकरण बहुधा तरते किंवा बुडते.

पहिला अर्ज सहसा तहसीलदारांकडे जातो. त्यांना, तसेच मंचरच्या प्रांतांना, उपद्रवी धंद्याविरुद्ध सशर्त आदेश काढता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होई, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली होते. मात्र त्रास वस्तीला व्हायला हवा. एकाच घराची झोप उडाली, तर तो खासगी तंटा ठरतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्राला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती मोजायची कोणी, हा गावातला खरा प्रश्न. मोबाइलवरच्या आकड्यावर समोरचा वकील लगेच हरकत घेतो.

एकट्या शेजाऱ्याने जुन्नरच्या दिवाणी न्यायालयात निरंतर मनाईचा दावा लावणे हेच बरे. तिथे डेसिबलची सक्ती नाही. सामान्य प्रकृतीच्या माणसाला त्या वस्तीत राहणे असह्य होते का, एवढे पाहतात; फार हळव्या कानांची दखल घेत नाहीत. दाव्यासोबत तुरतातूर्त मनाईचा ‘निशाणी ५’चा अर्ज असतो आणि पक्षकारांच्या लेखी खरी लढाई तीच, कारण मूळ दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो. कोर्ट कमिशनरकडून जागेची पाहणीही मागता येते. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला दाखवून गिरणीवाल्याची सुटका होत नाही. राहत्या वस्तीतल्या पिठाच्या गिरणीला मनाई करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल अशा दाव्यांत उपयोगी पडतो.

‘गिरणी आजोबांपासूनची आहे’ हा आवडता बचाव. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीला महत्त्व आहेच. पण १८७९ च्या लंडनमधील खटल्यात मिठाईवाल्याचे खलबत्ते त्याहून जुने असूनही तो हरला. शेजारच्या डॉक्टरने भिंतीलगत तपासणीची खोली बांधल्यावरच आवाज दाव्याजोगा झाला, म्हणून वर्षे तेव्हापासून मोजायची, असे अपील न्यायालयाने ठरवले.