घरातल्या कुणावर दुकानात चोरीचा आरोप झाला होता. बॅकग्राउंड चेकमध्ये तो दिसतो का?

ऑफर लेटर येतं आणि पाठोपाठ एचआरचा मेल येतो : तुमचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू होत आहे. नेमकी तेव्हाच घरात जुनी गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाला मॉलमध्ये सिक्युरिटीनं अडवलं होतं, बॅगेत बिल न केलेली डिओची बाटली सापडली होती. मग प्रश्न पडतो, त्याच्यामुळे ताईची नोकरी अडकेल का? आणि उद्या त्याला स्वतःला नोकरी मिळाली तर?

ताईचं उत्तर सोपं आहे. पडताळणी उमेदवाराची होते, नातेवाइकांची नाही. खासगी कंपन्या हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीला देतात. एजन्सी उमेदवाराची संमती घेऊन पदवी, आधीची नोकरी, पत्ता, ओळखपत्रं आणि कोर्टातली प्रकरणं तपासते. सरकारी नोकरीतल्या साक्षांकन नमुन्यात आईवडिलांची नावं, पत्ता, व्यवसाय विचारतात, पण ‘कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का’ हे प्रश्न उमेदवाराबद्दलच असतात. महाराष्ट्र पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही अर्जदाराच्या नावावरच्या नोंदी पाहून दिलं जातं. भावाची चूक बहिणीच्या प्रमाणपत्रावर चढत नाही.

पण नावाचा घोळ होऊ शकतो

खरी अडचण इथे येते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. कोर्टाच्या नोंदी ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावानं शोधता येतात. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. म्हणजे दोन सख्ख्या भावांच्या नावातला दोन तृतीयांश भाग सारखाच, पत्ताही तोच. त्यात नोंदीत पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर असेल आणि दोघांचं आद्याक्षर एकच असेल, तर एकाची केस दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये ‘संभाव्य जुळणी’ म्हणून येऊ शकते.

असं झालं तर घाबरून गप्प बसू नका. एचआरकडे लेखी मागा की कोणती केस जुळली, तिचा नंबर काय, कोर्ट कुठलं. मग एफआयआर किंवा निकालाच्या प्रतीतलं वय आणि पूर्ण नाव आपल्या ओळखपत्राशी ताडून दाखवा. ‘ती केस माझ्या भावाची आहे’ असं फोनवर सांगण्यापेक्षा ‘मी ती व्यक्ती नाही’ हे कागदावर दाखवणं जास्त कामाचं. भावाची सगळी कहाणी एचआरला सांगायची गरज नाही.

ज्याच्यावर आरोप झाला, त्याचं काय?

हे आरोप कुठवर गेला होता त्यावर ठरतं. दुकानात अडवलं, सामान परत घेतलं किंवा पैसे भरून घेतले, फार तर माफीनामा लिहून घेतला आणि सोडून दिलं, तर पोलिसांकडे किंवा कोर्टात नोंदच नसते. तो माफीनामा दुकानाच्या फाइलमध्ये राहतो. कोर्ट आणि पोलिसांच्या नोंदी तपासणाऱ्या एजन्सीला तो तिथे सापडत नाही.

पोलीस ठाण्यापर्यंत प्रकरण गेलं असेल, तर एनसी झाली की एफआयआर, हे आधी शोधून काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. ५,००० रुपयांखालची अशी चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मात्र मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीसाठी कलम ३०५ वेगळं आहे आणि त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे वस्तू किती रुपयांची होती एवढंच पाहून निश्चिंत होऊ नका, कागदावरचं कलम वाचा.

एफआयआर झाला असेल तर तो लपणं कठीण. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर वेबसाइटवर टाकायचे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच दिला आहे. निर्दोष सुटल्यावरही जुनी नोंद आपोआप पुसली जात नाही. शिक्षेऐवजी समज देऊन सोडण्याची सोय १९५८ च्या परिविक्षा कायद्यात आहे आणि त्या कायद्याचा लाभ मिळाल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण ‘दोषी ठरला होता’ ही वस्तुस्थिती तशीच राहते.

भाऊ तेव्हा १८ वर्षांखालचा होता? मग चित्र पूर्ण वेगळं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाचं प्रकरण बंद झालं किंवा निकाली निघालं असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना त्याची नोंद उघड करता येत नाही.

फॉर्ममध्ये काय लिहायचं?

नोकऱ्या बऱ्याचदा आरोपापेक्षा लपवाछपवीमुळे जातात. फॉर्मचा प्रश्न शब्दशः वाचा. ‘दोषी ठरला आहात का’ आणि ‘कधी अटक किंवा गुन्हा दाखल झाला होता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला निर्दोष सुटलेली व्यक्ती खरेपणानं ‘नाही’ लिहू शकते, दुसऱ्याला नाही.

सरकारी नोकऱ्यांबाबत अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) हा निकाल पायाभूत मानला जातो. माहिती खरी द्यायची, क्षुल्लक प्रकरण लपवलं असेल तर नियोक्ता ते माफ करू शकतो, पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, हे त्याचं सार. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या भरतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराची तरुणपणीची चूक उदारपणे पाहिली. तो खटला मारहाणीचा होता, पण निकालात दाखला आला पाव चोरल्याबद्दल आयुष्यभर चोर ठरलेल्या ज्यां व्हालजांचा, ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतल्या नायकाचा. हे निकाल सरकारी भरतीचे आहेत. खासगी कंपनी स्वतःच्या धोरणानुसार ठरवते आणि रोकड किंवा मालाशी संबंध असलेल्या कामात चोरीच्या केसकडे जास्त कडकपणे पाहिलं जाणं साहजिक आहे.

केस झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवावी. त्यासाठी केस चाललेल्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो आणि जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली असेल तर वेळ जातो. एचआर मात्र उत्तरासाठी बऱ्याचदा मोजके दिवस देतो.