ट्रोलिंग म्हणजे फक्त कमेंटमधलं भांडण नाही: छोट्या बोटीमागे जड आमिष ओढून स्ट्राइप्ड बास कसा पकडतात?

ट्रोलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर कमेंट बॉक्स येतो. पण हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून मासेमारीत आहे. चालत्या बोटीच्या मागे गळ लावलेलं आमिष पाण्यातून ओढत न्यायचं आणि मासा त्यावर झडप घालतो का ते पाहायचं, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चा-व्यवस्थेवर नवख्यांना डिवचण्यासाठी मुद्दाम बावळट प्रश्न टाकले जायचे, तेव्हा त्यालाही हाच शब्द वापरला जाऊ लागला. आमिष टाका आणि कोण गळाला लागतं ते बघा!

आपल्याकडच्या बातम्यांमध्ये दिसणारं 'ट्रॉलर' हे प्रकरण मात्र वेगळं. ट्रॉलर मोठं जाळं ओढतो आणि त्यात येईल ते सगळं गोळा करतो. ट्रोलिंगमध्ये जाळं नसतं, फक्त दोरी आणि गळ असतात. कोकण-गोव्यात हौशी मंडळी सुरमईसाठी ट्रोलिंग करतात, ते याच प्रकारचं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रोलिंगचा एक खास अवतार पाहायला मिळतो. पाच-सहा मीटर लांबीची छोटी बोट, मागे जवळपास नऊशे ग्रॅमपर्यंत वजनाची आमिषं आणि लक्ष्य एकच, स्ट्राइप्ड बास. इतकं वजन कशासाठी? आणि ज्या मोठ्या माशासाठी हा खटाटोप होतो, तोच मासा घरी न्यायला आता बंदी का आहे?

हा मासा आहे तरी कोण?

चंदेरी अंग आणि कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेले सात-आठ काळे पट्टे. शास्त्रीय नाव मोरोनी सॅक्सॅटिलिस. न्यू इंग्लंडमध्ये याला 'स्ट्रायपर' म्हणतात, तर मेरिलँड-व्हर्जिनियात 'रॉकफिश'. मेरिलँडचा हा अधिकृत राज्य-मासा आहे. गळाने पकडलेल्या सगळ्यात मोठ्या स्ट्राइप्ड बासचा विक्रम २०११ मध्ये कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ झाला. त्या माशाचं वजन होतं सुमारे ३७ किलो.

अलिबागकडच्या वाचकांना जिताडा आठवेल. तोही असाच दणकट, शिकारी आणि खाडी-समुद्र अशी ये-जा करणारा. पण दोघांचा प्रवास उलटा आहे. जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो. स्ट्राइप्ड बास मोठा होतो समुद्रात आणि वसंत ऋतूत अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात शिरतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या या माशांपैकी बहुसंख्य चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये जन्मतात. हडसन आणि डेलावेअर नद्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

म्हणजे एप्रिल-मे मध्ये मोठ्या माद्या चेसापीकमधून ये-जा करत असतात. ट्रोलिंग करणाऱ्यांना नेमक्या त्याच हव्या असतात.

आमिष इतकं जड का?

साधं आमिष बोटीमागे ओढलं की ते वर येतं. पाण्याचा विरोध आमिषाला आणि दोरीला मागे खेचतो आणि दोरी जवळजवळ आडवी होते. मासे दहा मीटर खाली असतील आणि आमिष दोन मीटरवर तरंगत असेल, तर दिवसभर फिरूनही हाती काही लागत नाही.

यावरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे वजन वाढवणं. 'मोजो' नावाच्या आमिषात शिशाचं मोठं डोकं असतं, त्यामागे नायलॉनच्या झिरमिळ्या आणि रबराचा मासा. एकेक मोजो साडेतीनशे ग्रॅमपासून जवळपास नऊशे ग्रॅमपर्यंत असतो. 'पॅराशूट' त्याच कुळातलं, त्याच्या झिरमिळ्या पाण्यात फुलतात. अशी दोन आमिषं, एक जड आणि एक हलकं, एकाच दोरीला कमी-जास्त अंतरावर बांधली की त्याला 'टँडम' म्हणतात. रंग बहुतेक वेळा पांढरा नाहीतर पोपटी-पिवळा.

सगळ्यात गमतीशीर प्रकार म्हणजे 'अंब्रेला रिग'. कापड काढून टाकलेल्या छत्रीसारख्या तारांच्या काड्या आणि प्रत्येक काडीला रबराचे छोटे मासे. यातल्या बहुतेकांना गळच नसतो, ते फक्त थवा दिसावा म्हणून असतात. खरा गळ थव्याच्या थोडा मागे रेंगाळणाऱ्या एका माशात असतो. शिकारी मासा कळपातून मागे पडलेल्यावर आधी झडप घालतो, त्या सवयीचा हा फायदा. नक्कल केली जाते ती मुख्यतः मेनहेडन या माशाची. आपल्या तारलीच्या जवळच्या गटातला हा तेलकट मासा स्ट्राइप्ड बासचं आवडतं खाद्य आहे.

पण वजन हा खेळाचा एकच भाग. दोरीची जाडीही तितकीच महत्त्वाची. जाड नायलॉनच्या दोरीला पाण्याचा विरोध जास्त होतो, त्यामुळे आमिष वर उचललं जातं. तितक्याच ताकदीची विणलेली दोरी बारीक असते, म्हणून तेच आमिष आणखी खोल जातं. न्यूयॉर्कच्या मॉन्टॉक भागात तर धातूची तार वापरायची जुनी पद्धत आहे. तिथला ढोबळ हिशोब असा की १०० फूट तार सोडली की आमिष सुमारे १० फूट खाली जातं. म्हणून तारेवर ठरावीक अंतरावर खुणा केलेल्या असतात. तार मात्र दुखरं काम. पीळ पडला की तुटते, आणि बोटं कापते ती वेगळीच.

वेग: सगळा घोळ इथेच होतो

ट्रोलिंगचा वेग साधारण अडीच ते साडेतीन नॉट्स, म्हणजे ताशी साडेचार ते साडेसहा किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसाइतका. वेग वाढला की आमिष वर येतं, कमी झाला की खाली जातं.

नवखे लोक फसतात ते जीपीएसमुळे. जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतं, आमिषाला मात्र पाण्याच्या तुलनेतला वेग जाणवतो. समजा भरतीचा प्रवाह एक नॉट आहे आणि पडद्यावर तीन नॉट्स दिसतायत. प्रवाहाच्या दिशेने जाताना आमिष पाण्यातून फक्त दोन नॉट्सने सरकतं आणि खाली बसतं. उलट फिरलात की तेच आमिष चार नॉट्सने ओढलं जातं आणि वर येतं. पडद्यावरचा आकडा तोच, खोली मात्र पूर्ण वेगळी. जाताना मासे लागले आणि परतताना काहीच नाही, यामागे नशिबापेक्षा हे कारण असण्याची शक्यता जास्त.

वळणाचंही तसंच. बोट वळली की आतल्या बाजूचं आमिष मंदावून बुडतं आणि बाहेरचं वेग घेऊन वर येतं. वळण झटक्यात घेतलं तर दोऱ्या एकमेकींत अडकतात. मोठ्या चार्टर बोटी बाजूला तरंगत्या फळ्या सोडून दहा-वीस दोऱ्या फाकवतात. छोट्या बोटीवर दोन ते चार दोऱ्या पुरे. त्याहून जास्त म्हणजे निम्मा दिवस गुंता सोडवण्यात जातो.

मासा लागला की बोट थांबवावीशी वाटते. थांबवली की बाकीची जड आमिषं तळाला जातात. म्हणून वेग कमी करायचा, पण बोट पुढे चालतीच ठेवायची.

छोट्या बोटीवर धोका कुठे असतो?

मासे खोल जलमार्गाच्या काठाला सापडतात आणि चेसापीकमध्ये त्याच मार्गाने बाल्टिमोर बंदराची मालवाहू जहाजं जातात. त्यांना चटकन थांबता किंवा वळता येत नाही. त्यांच्या मागून येणारी लाट छोट्या बोटीला आडवी लागली तर बोट जोरात कलंडते. दोऱ्या मागे सोडलेल्या असताना चटकन बाजूला होणंही सोपं नसतं.

दुसरा धोका खेकड्यांच्या सापळ्यांचा. उपसागरात त्यांच्या दोऱ्या जागोजागी असतात. जड आमिष त्यात अडकलं आणि लाटांकडे पाठ असताना मागून जोर लावला, तर बोटीचा मागचा भाग दबतो आणि पाणी आत येतं. इंजिन न्यूट्रलला घ्यायचं, दोरी सैल सोडायची, बोटीचं तोंड लाटांकडे करून अडकलेल्या जागेच्या वर जायचं आणि मगच सोडवायचं. नाहीच सुटलं तर दोरी कापायची. आमिष महाग असतं हे खरं, पण इतकं नाही.

आणि कुणी पाण्यात पडलं तर? तीन नॉट्स ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या वेगाने बोट एका मिनिटात ९० मीटरहून जास्त पुढे जाते. वसंत ऋतूत पाणी इतकं थंड असतं की पडताक्षणी श्वास कोंडतो. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं बंधनकारक आहे. मात्र ट्रोलिंगसारख्या संथ वेगाला यातून सूट आहे. एकट्याने जाणाऱ्याने ही सूट घेऊ नये.

मग मोठा मासा घरी का नेता येत नाही?

हा मासा एकदा संपता संपता वाचलाय. १९७०-८० च्या दशकात संख्या इतकी घसरली की १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने खास कायदा केला आणि १९८५ ते १९९० मेरिलँडने पूर्ण बंदी घातली. १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडच्या पाण्यात १९९० पासूनची बंदी त्यानंतरही कायम राहिली.

२०१९ मध्ये आलेल्या मूल्यांकनात पुन्हा तेच दिसलं. साठा घटलेला आणि मासेमारी प्रमाणाबाहेर. मेरिलँडमध्ये १९५४ पासून दरवर्षी नद्यांमधली पिल्लं मोजली जातात. या मोजणीची दीर्घकालीन सरासरी ११ च्या आसपास आहे. २०२३ मध्ये आकडा आला १, आणि २०२४ मध्ये २.

इथे ट्रोलिंगचा थेट संबंध येतो. खूप मोठे स्ट्राइप्ड बास बहुतांश माद्याच असतात आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त, एका हंगामात लाखोंच्या घरात. जड, मोठी आमिषं नेमक्या याच माद्यांना निवडून काढतात. २०२२ मध्ये हौशी मासेमारांनी नेलेले मासे आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाले. मग २०२३ मध्ये तातडीचा नियम आला: समुद्रात फक्त २८ ते ३१ इंचांमधला, म्हणजे सुमारे ७१ ते ७९ सेंटिमीटरचा, एकच मासा ठेवता येईल. त्याहून मोठा असेल तर परत पाण्यात. २०२४ मध्ये चेसापीकमध्ये ही मर्यादा १९ ते २४ इंच झाली आणि मेरिलँडने मोठ्या माशांसाठीचा वसंतातला 'ट्रॉफी' हंगामच रद्द केला.

सोडून दिलं म्हणजे मासा जगलाच असं नाही. साठ्याचा हिशोब करताना सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं धरलं जातं. पाणी गरम असेल तर धोका वाढतो. उन्हाळ्यात चेसापीकच्या तळाला ऑक्सिजन कमी होतो आणि वरचं पाणी तापतं, मासा मधल्या पट्ट्यात कोंडला जातो. त्यात त्याला दमवून वर काढलं की तो सावरणं कठीण.

जड साधनांची एक बाजू मात्र माशाच्या फायद्याची आहे. नाजूक रॉडवर अर्धा तास झुंजवण्यापेक्षा दणकट रॉडवर मासा लवकर बोटीपाशी येतो आणि कमी दमतो. मोजो-पॅराशूटला सहसा एकच मोठा गळ असतो, तोही काढायला सोपा. मासा पाण्यातच ठेवून गळ काढला आणि फोटोसाठी मिनिटभर हवेत लटकवला नाही, तर त्याची जगण्याची शक्यता वाढते.

साठा २०२९ पर्यंत पूर्ववत करण्याचं उद्दिष्ट आहे. पिल्लांचे आकडे असेच राहिले तर आज मोठे असलेले मासे म्हातारे होतील, तेव्हा त्यांची जागा घ्यायला मागे फारसं कुणी नसेल. मेरिलँडमध्ये तर मोठ्या आमिषांसाठी सजवलेल्या बऱ्याच बोटी आता वसंतात वेगळ्या माशांच्या मागे जाऊ लागल्या आहेत.