कारखाना बंद पडला, गाडी नाही पडली

ऑक्टोबर १९८०. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनचा एमजी कारखाना बंद झाला. १९६२ पासून तिथं बनणारी एमजीबी, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटर स्पोर्ट्स कार, खरं तर तिथंच संपायला हवी होती. नाही संपली.

कारण गाडी साधी. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. घरच्या गॅरेजमध्ये रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा आला की हवा जुळली. मग खालचा नट फिरवून पेट्रोलचं मिश्रण. लॅपटॉप नको, कंपनीची परवानगी नको.

पण गंजलेल्या पत्र्याचं काय? १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजनं मूळचे साचे वापरून नवीकोरी बॉडीच बनवायला घेतली. साचे भंगारात गेले असते, तर गाड्याही गेल्या असत्या.

आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' नोंदणीचे नियम आले. चांगलंच झालं. पण नंबरप्लेटवर गाडी धावत नाही, सुट्या भागांवर धावते. आज ट्रॅक्टरपासून मोबाईलपर्यंत सगळ्याला सॉफ्टवेअरचं कुलूप लागतंय. पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडायचा हक्क कुणाचा, आपला की कंपनीचा? मंडळी, हे आत्ताच विचारायला हवं.