तळटीप : श्यामची आई
१. श्यामची आई : येथे अभिप्रेत आहे तो चित्रपट, पुस्तक नव्हे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावरून आचार्य प्र. के. अत्रे यांनी तो १९५३ मध्ये काढला. आईच्या भूमिकेत वनमाला, श्यामच्या भूमिकेत माधव वझे. संगीत वसंत देसाई यांचे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाने पटकावले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला तेव्हा गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. हा सर्वोच्च मान पुन्हा मराठीकडे आला तो थेट ‘श्वास’मुळे (२००४). गुरुजींना मात्र चित्रपट पाहता आला नाही. ११ जून १९५० रोजीच त्यांचे निधन झाले होते.

कथा कोकणातली असली, तरी वर्धा जिल्ह्यातील वाचकांना गुरुजींची आणखी एक ओळख आहे. पवनारच्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेतली गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातूनच सिद्ध झाला. — संपा.