फरी, फलक आणि ढाल

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात जुन्या गद्याचा उतारा शिकवीत असता ‘फरीगदगा’ हा शब्द आला. ‘फरी म्हणजे काय?’ असे विचारताच वर्ग स्तब्ध झाला. अखेर एका विद्यार्थिनीने भीतभीत उत्तर दिले, ‘परी, सर?’ वर्गासमवेत मीही हसलो. परंतु घरी परतताना मन उदास झाले. ज्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा रुजली आणि १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्या बडोद्यात ही फरी अनोळखी व्हावी!

फरी म्हणजे मुठीत धरावयाची लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामड्याने मढविलेला सोटा. एका हाती फरी व दुसऱ्या हाती गदगा घेऊन तलवारीचे हात शिकत. मोठी ढाल अंग झाकते. फरीने मात्र आलेला वार नेमका झेलावा लागतो. म्हणून तिथे डोळ्याची आणि मनगटाची खरी परीक्षा.

या शब्दाचे कूळ जुने आहे. संस्कृत कोशांत ‘फर’ व ‘स्फर’ अशी ढालीची नावे आढळतात; फारसीतील ‘सिपर’ याचाही अर्थ ढालच. अमरकोशाने फलक, फल आणि चर्म ही नावे दिली असून ढालीच्या मुठीसही ‘संग्राह’ असे स्वतंत्र नाव नोंदविले आहे. ‘चर्म’ कातड्यावरून आले, ‘फलक’ फळीवरून.

पुढे या शब्दांची दैवे निरनिराळी झाली. ‘ढाल’ मराठीत थोर झाली. लष्कराच्या मुख्य निशाणासही ढाल म्हणत, हे मोल्सवर्थच्या कोशात नमूद आहे. ते निशाण वाहणारा हत्ती तो ढालगज. ‘ढालगज भवानी’ म्हणणाऱ्यांना हा हत्ती क्वचितच दिसत असेल! आज वक्तृत्वस्पर्धेची फिरती ढाल कपाटात विराजते. ‘फलक’ रणांगण सोडून शाळेत आणि दुकानांवर गेला. फरी मात्र आखाड्याबाहेर पडली नाही. आखाडे ओस पडू लागले तशी तीही विस्मरणात गेली. पंजाबात गतका खेळणाऱ्यांच्या हाती ती अद्याप आहे, आणि त्याच नावाने. २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत गतक्याचा समावेश झाला. वस्तू हाती राहिली, म्हणून शब्द तोंडी राहिला.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस हा धडा विशेष लागू पडतो. आपले कित्येक शब्द एखाद्या आजीच्या ओठांवर किंवा एखाद्या वस्तादाच्या आठवणीतच उरले आहेत. शताब्दीच्या निमित्ताने वाचनालयाने मेजावर एक कोरी वही ठेवावी आणि सभासदांनी तीत असे शब्द अर्थासह लिहावेत, एवढीच विनंती. पहिल्या पानावर ‘फरी’ लिहिण्यास मी येईन. आपल्या दारावरील फलक हीही एके काळची ढालच आहे, हे येताजाता आठवत राहील.