एकच गाडी, तीन मायलेज

जुना डेटा हाती लागला की लगेच ग्राफ काढावासा वाटतो ना? मीही पहिल्या वर्षी तेच केलं. अमेरिकन गाड्यांचे जुन्या पुस्तिकांमधले अधिकृत मायलेज वर्षवार मांडले, तर 1985 ला रेषा धाडकन खाली! गाईडनी एकच प्रश्न विचारला, "गाड्या बिघडल्या, की आकडा काढायची पद्धत बदलली?"

उत्तरासाठी एक गाडी घेऊ, 1985 ची शेवरले कॅमारो. आधी इंजिन ओळखायचं. "5 लिटरचं व्ही-8" म्हणून भागत नाही, कारण त्या वर्षी या मापाची तीन वेगळी इंजिनं होती. 1981 च्या मॉडेलपासून अमेरिकेत गाडीला 17 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. कॅमारोत त्यातलं आठवं अक्षर इंजिनाचं: जी आणि एच ही कार्ब्युरेटरवाली, एफ हे फ्युएल इंजेक्शनवालं. गंमत बघा, दहावं अक्षर मॉडेलच्या वर्षाचं, आणि 1985 साठीही एफच! जागा चुकली की अर्थ चुकला. शिवाय हा क्रमांक कारखान्यात बसवलेलं इंजिन सांगतो. नंतर कुणी बदललं असेल, तर इंजिनाच्या ब्लॉकवरचा ठसाच पाहावा लागतो.

आता मायलेज. 1970 च्या दशकात तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, आकडे ग्राहकांपर्यंत जाऊ लागले. चाचणी रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत रोलरवर व्हायची. लोक म्हणायचे, एवढं मायलेज प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून 1985 च्या मॉडेलपासून चाचणीच्या आकड्यातून शहरासाठी 10 टक्के आणि हायवेसाठी 22 टक्के कापायला सुरुवात झाली. माझी रेषा पडली ती इथे! पुढे 2008 च्या मॉडेलपासून जास्त वेग, एसी आणि थंडी हेही हिशेबात आले.

समजा, प्रयोगशाळेत एका गाडीला गॅलनमागे शहरात 20 आणि हायवेवर 30 मैल मिळाले. 1985 च्या पद्धतीने ते 18 आणि 23 होतात, 2008 च्या सूत्राने साधारण 16 आणि 22. गाडी तीच, पेट्रोलही तेवढंच. आणि आजच्या सरकारी यादीत 1984 पासूनच्या गाड्यांचे आकडे या नव्या सूत्राने बदलून दिलेले आहेत. म्हणजे जुनी पुस्तिका आणि आजची यादी एकाच ग्राफवर ठेवलीत, तर दोन्ही अधिकृत असूनही निष्कर्ष चुकणार.

म्हणून एक सवय आत्ताच लावून घ्या. तक्त्यात आकड्याशेजारी आणखी तीन रकाने ठेवा: नेमकी वस्तू कोणती, कोणत्या पद्धतीने मोजली, आकडा मूळ की सुधारित. "अधिकृत" हा शब्द या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही. माझा ग्राफ मला पुन्हा काढावा लागला. तुमचा वाचला तर बरंच.